सर्वानुमते कॉम्प्युटर

आमच्या आप्पांना 'नाही' म्हणता येत नव्हतं. बोलता उत्तम यायचं, एकदा बोलायला लागले की समोरच्याची एस.टी. चुकायची, पण तोंडावर कुणाला 'नाही' म्हटल्याचं आमच्या वाडीत कुणालाच आठवत नाही. लोक याला मोठेपणा म्हणायचे. मी त्यांची पुतणी, त्यांच्याच घरात वाढलेली, म्हणून सांगते, मोठेपणा वगैरे काही नव्हता. तो रोग होता, आणि रोग आप्पांना असला तरी औषध नेहमी दुसऱ्याला प्यावं लागायचं.

न्हावऱ्याच्या पुढं आमची वाडी. ऊस, कांदा आणि घरटी चार गाई. वाडीत न्हावी दोन. आप्पा एकाकडं केस कापायचे आणि त्याच दिवशी दुसऱ्याकडं दाढी करायचे. दोन दुकानांच्या मध्ये रस्ता होता, त्यामुळं केस बारीक आणि दाढी तशीच वाढलेली, अशा अवतारात रस्ता ओलांडणारे आप्पा अख्खी वाडी बघायची. ओसरीवर एकाच खिळ्याला पाच-सहा कॅलेंडरं टांगलेली असायची, निरनिराळ्या पुढाऱ्यांची. दारात गाडी वाजली की कोण आलंय ते बघून त्याचं कॅलेंडर वर घ्यायचं, हे काम आम्हा पोरांकडं होतं. एकदा दोन पुढारी एकाच गाडीतनं उतरले, तेव्हा आप्पांनी खिळाच काढायला लावला.

लग्नसराईत एका दिवसात चार-चार लग्नं करायचे आणि चारही ठिकाणी जेवायचे, कारण न जेवता उठलं तर यजमानाला वाईट वाटतं. संध्याकाळी घरी येऊन ओवा मागायचे. काकूनं सवयीनं "वाढू का?" विचारलं, तर तिलाही वाईट वाटू नये म्हणून पुन्हा पानावर बसायचे. रात्रभर मग काकू जागी.

शेजारच्या दोघा भावांचा बांधावरनं वाद झाला होता. आप्पांनी थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं बरुबर हाय." मग धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझंच बरुबर हाय." त्या जोरावर दोघंही कोर्टात गेले आणि दोघांनीही साक्षीदार म्हणून आप्पांचंच नाव दिलं. तारखेला आप्पा कुठल्याशा लग्नाला निघून गेले. ती केस अजून चालू आहे.

"बांध तुटला तरी चालंल, माणूस तुटता कामा न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. ते म्हणताना उजवा हात असा छातीवर ठेवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस म्हणजे देवमाणूस. मलाही लहानपणी वाटायचं. मग माझा कॉम्प्युटर आला आणि माझे डोळे उघडले.

पण त्याआधी आप्पांचं एक दुखणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाडीच्या दूध सोसायटीत सात संचालक होते, त्यात आप्पा एक, आणि आप्पांना चेअरमन व्हायचं होतं. उघड कधी बोलले नाहीत. पण फार वर्षांपूर्वी त्यांनी एक करड्या रंगाचं जाकीट शिवून आणलं होतं आणि ते चेअरमन झाल्यावरच घालायचं म्हणून ट्रंकेत ठेवलं होतं. दर टर्मला सगळे जमायचे आणि कुणीतरी म्हणायचं, "आप्पा, यंदा राहू द्या, पुढच्या टायमाला तुमीच." आप्पा छातीवर हात ठेवून म्हणायचे, "चालतंय की." आणि सर्वानुमते भलताच कुणी चेअरमन व्हायचा. काकू दरवर्षी जाकिटाला ऊन दाखवायची आणि डांबरगोळ्या बदलून परत ठेवायची. पोट सुटत गेलं तशी दोनदा शिवणही उसवून घ्यावी लागली.

आता माझं दुखणं. दौंडला रेल्वे कॉलनीत माझी मावशी राहायची. तिच्या पोराकडं, म्हणजे माझ्या मावसभावाकडं, कॉम्प्युटर होता आणि त्यात गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं बसून तो खेळ शिकले आणि दोन दिवसांत त्याला मागं टाकायला लागले. पोरगा असा धुमसला की विचारू नका. म्हणाला, "पोरींना ड्रायव्हिंग जमत नसतं, तुझं नशीब चांगलं होतं." आणि कीबोर्डच काढून कपाटात ठेवला. "एवढी हौस आहे तर तुझं तुझं मशीन घे." बारावीला होते मी. त्या दिवशी ठरवलं की मशीन घ्यायचं, त्यात हा खेळ पळवायचा आणि ह्याला घरी बोलावून हरवायचं. दुसरं काही मला आयुष्यात तेव्हा नको होतं, खरंच सांगते.

बारावीला बरे मार्क पडले आणि मी घरात विषय काढला. खेळाचं अर्थातच बोलले नाही. कॉलेज, कोर्स, पुढचं शिक्षण असं सगळं बोलले. बाबा बोटांवर हिशोब करायला लागले. आप्पा एकदम म्हणाले, "घेऊ की. कॉम्प्युटर येणाऱ्या पोरीला स्थळं चांगली येत्यात." माझ्या अंगाची लाही झाली, पण मशीन येतंय म्हटल्यावर तीही गिळली. बाबांनी ठेवणीतले पैसे आप्पांच्या हातात दिले. घरात काहीही घ्यायचं तर व्यवहार थोरल्यानं करायचा, ही आमच्याकडची रीत. बैल असो की कॉम्प्युटर.

कुठला भाग कसला हवा ते मला तोंडपाठ होतं. मावसभावाची मासिकं वाचून वाचून केलं होतं पाठ. बेताच्या पैशांत गाड्यांचा खेळ पळवायचा असेल तर डब्यावर, दिव्यांवर, बाहेरच्या दिखाव्यावर खर्च करायचा नाही. एक चांगला बोर्ड, ज्याच्यावर बाकी सगळं बसतं. त्याला जुळणारा प्रोसेसर. आणि मुख्य म्हणजे ग्राफिक्स कार्ड, कारण चित्र पळवतं ते कार्ड. ते नसलं तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. हे सगळं, खेळासकट, मी आप्पांना ओसरीवर बसवून समजावलं. त्यांनी मान डोलावत ऐकलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"म्हंजी येका मशीनला एवढे निरनिराळे भाग लागत्यात?"

"हो."

"आन् समदे निरनिराळीकडनं घेता येत्यात?"

"येतात, पण घेऊ नयेत. एका दुकानातनं घ्यावेत, एकमेकांना जुळावे लागतात."

आप्पांच्या तोंडावर असा उजेड पडला की मी समजायला हवं होतं. संचालकांनी सोसायटीचा नवा चेअरमन निवडायची वेळ दोन महिन्यांवर आली होती. आप्पांना माझ्या कॉम्प्युटरचे भाग दिसत नव्हते, त्यांना मतं दिसत होती.

पहिला डाव शिरूरला टाकला. संचालक तात्या, त्यांच्या जावयाचं तिथं टीव्ही-मिक्सरचं दुकान. त्याच्याकडं एक कॅबिनेट होतं, म्हणजे ज्यात सगळे भाग बसवतात तो डबा. केवढं तरी मोठं, समोर निळे दिवे लुकलुकणारे. मी आप्पांची बाही ओढत होते, "नुसता डबा आहे हो, दिव्यांनी गाडी पळत नाही." आप्पा जावयाला म्हणाले, "बांधा. तात्यांना सांगा, कॉम्प्युटर तुमच्याकडनंच घेतला." निम्मे पैसे त्या डब्यात आणि टीव्हीएवढ्या मॉनिटरमध्ये गेले.

दुसरे संचालक बापू. त्यांच्या पोराचा शिरूरातच कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर काढून आत जायचं, आत प्रत्येक मशीनवर मखमली झूल. पोरानं एका जुन्या मशीनवरची झूल काढली, आतला बोर्ड उपसला, त्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "टेस्टेड हाय आप्पा, चालू मशीनमधला." बोर्ड कसला, पुराणवस्तू होती ती. आप्पा म्हणाले, "बापूंना सांग, कॉम्प्युटर तुमच्याकडनंच घेतला."

तिसरे अण्णा. अण्णांचा मेहुणा कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत होता आणि पुण्यातनं वस्तू आणून द्यायचा. त्यानं हायवेवर एका रसवंतीत बसून चपलेच्या खोक्यातनं प्रोसेसर काढून दिला. प्रोसेसर चांगला होता, नवा होता. फक्त बापूंच्या बोर्डाच्या जातीचा नव्हता. त्या काळी दोन कंपन्यांचे प्रोसेसर यायचे आणि एकीचा दुसरीच्या बोर्डात बसायचा नाही. मी रसाचा ग्लास बाजूला ठेवून हे सांगितलं. मेहुणा आप्पांकडं बघायला लागला. आप्पा मला म्हणाले, "आगं, जुळवून घेतलं की समदं जुळतंय. तुझी काकू आन् म्या न्हाई का जुळलो?" आणि त्याला म्हणाले, "अण्णांना सांगा, कॉम्प्युटर तुमच्याकडनंच घेतला."

घरी आल्यावर मी काकूला हे सांगितलं. चुलीपुढनं मान वर न करता ती म्हणाली, "कोण म्हणतं जुळलो?"

चौथे संचालक मुलाणी चाचा; बाकीच्या दोघांच्या नात्यात असलं काही विकणारं कुणी नव्हतं. वाडीतलं जुनं घराणं, सोसायटीत सगळ्यात जास्त दूध त्यांचं. त्यांचा पुतण्या यासीन, त्याचं दौंडला स्टेशनाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मशीन जोडून द्यायचं काम आणि ग्राफिक्स कार्ड आप्पांनी त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. आम्ही सगळा पसारा घेऊन एस.टी.नं निघालो. आप्पांनी कॅबिनेटसाठी खिडकीजवळची जागा धरली आणि पुढच्या थांब्यावर ती एका म्हातारीला देऊन टाकली. दौंडपर्यंत तो डबा माझ्या मांडीवर होता.

यासीन माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. केसांत तेल, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि जिभेला हाड नाही. गाडी गेली की त्याचं दुकान हादरायचं आणि तेवढा वेळ तो बोलणं थांबवून हातातला स्क्रू ड्रायव्हर वर धरून बसायचा. त्यानं एकेक भाग बघितला, टेबलावर ओळीनं मांडला आणि हसायला लागला.

"आप्पा, हे कुणी निवडलं?"

"सर्वानुमते," आप्पा म्हणाले.

"ह्या बोर्डात हा प्रोसेसर बसत न्हाई."

"जरा दाबून बघ."

"दाबायला हे काय कांद्याचं पोतं हाय का? आन् कार्डाला जी खाच लागती ती ह्या बोर्डाला हायच न्हाई. माझ्याकडं चांगलं कार्ड हाय, पण लावू कुठं? तुमच्या कपाळाला?"

मी म्हटलं, "बोर्ड बदलला तर?"

"बोर्ड बदलला तर समदं जमतंय. अण्णांचा प्रोसेसर बसंल, माझं कार्ड बसंल, ताईचा खेळ पळंल. हा जुना बोर्ड देऊन टाका माघारी."

म्हणजे एकच गोष्ट करायची होती. बापूंच्या पोराला जाऊन म्हणायचं, बाबा रे, हा बोर्ड नको. मी आप्पांकडं बघितलं. असा चेहरा मी त्यांचा फक्त एकदाच बघितला होता, कोर्टाचं समन्स आलं तेव्हा.

"बापू सोडून बोल," आप्पा म्हणाले.

"मग खेळ सोडून बोला."

 बाहेरनं मालगाडी गेली, दुकान हादरलं, सगळे भाग थोडे थोडे सरकले. गाडी गेल्यावर आप्पांनी तोडगा काढला. मी आजवर नोकरीत पुष्कळ बैठका बघितल्या, मोठ्या शिकलेल्या माणसांचे तोडगे ऐकले, पण असा तोडगा पुन्हा ऐकला नाही.

"यासीन, तुझ्याकडं एखादा जुना प्रोसेसर असंल बापूंच्या बोर्डाला चालणारा. त्यो लाव, आन् मशीन चालू कर. अण्णांचा प्रोसेसर आन् तुझं कार्ड पिशवीत गुंडाळून आतच ठेवून दे. चिकटपट्टी मार."

यासीननं टेस्टर खाली ठेवला. "आत ठेवू? नुसतं?"

"व्हय. समदे आत पायजेत."

"पण चालणार न्हाईत ते."

"सोसायटीत सात संचालक हायेत. त्यातले चालू किती, म्या कवा इचारलं का? आत हायेत ना, मग झालं."

हे आप्पा थट्टेनं म्हणाले नाहीत. अगदी समजुतीच्या स्वरात, छातीवर हात ठेवून म्हणाले. यासीननं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग त्या भल्या माणसानं खरोखरच ते दोन्ही भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या तळाला चिकटपट्टीनं चिकटवले. झाकण लावताना मला हळूच म्हणाला, "ताई, पत्त्यांचा डाव तेवढा चालंल ह्याच्यावर."

मला तिथंच रडू कोसळायचं बाकी होतं. बाबांनी दिलेले पैसे संपले होते, माझं कार्ड माझ्या मशीनच्या पोटात होतं, आणि मी पत्ते खेळणार होते. येताना एस.टी.त मी आप्पांशी एक शब्द बोलले नाही. माणूस तुटता कामा नये म्हणणाऱ्यांनी मला वाटेत तीनदा विचारलं, "उसाचा रस घेती का?"

आता एवढ्यावर राहिले असते तर आप्पा कसले. त्यांनी कॉम्प्युटरचं उद्घाटन ठेवलं. सत्यनारायण, शिऱ्याचा प्रसाद, आणि साही संचालकांना शाल-श्रीफळ. कॅबिनेटला हार घातला, मॉनिटरला हळदकुंकू लावलं. तात्या जावयाला घेऊन आले, बापू पोराला, अण्णा मेहुण्याला, चाचा यासीनला. आप्पा एकेकाला मशीनजवळ नेत आणि कानाशी लागत. मी फुलांचं तबक धरून शेजारी उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. तात्यांना म्हणाले, "डबा मेन असतोय." बापूंना म्हणाले, "बोर्ड मेन असतोय." अण्णांना म्हणाले, "मेन म्हंजी प्रोसेसर." चाचांना म्हणाले, "मेन कार्डच." प्रत्येकजण मागं वळून बाकीच्यांकडं जरा वरनं बघत होता.

आणि मग अण्णांचा मेहुणा म्हणाला, "गाडीचा खेळ लावा की. बघू आमचा प्रोसेसर कसा पळतो."

"पत्त्यांचा लाव," आप्पा मला घाईनं म्हणाले.

मी यासीननं टाकून दिलेला गाडीचाच लावला. पडदा काळा झाला, मशीन घरघरलं आणि गप्प पडलं. सगळे आप्पांकडं बघायला लागले. आप्पा म्हणाले, "लाइट कमी-जास्त हाय." बापूंचं पोरगं म्हणालं, "प्रोसेसर हलका असंल." मेहुणा म्हणाला, "बोर्ड तपासा आधी." तात्यांच्या जावयानं आपला डबा चांगला आहे हे दाखवायला त्यावर जोरात थाप मारली, तर तळातली चिकटपट्टी सुटली आणि आत काहीतरी खडखडलं.

"आत काय वाजलं?" चाचांनी विचारलं.

मी तबक खाली ठेवलं, हार काढला, स्क्रू फिरवले आणि झाकण उघडून सगळ्यांच्या समोर धरलं. मला त्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला नाही आणि आजही नाही. पिशवी तळाला पडली होती. अण्णांचा प्रोसेसर आणि यासीनचं कार्ड, दोन्ही त्यात शेजारी शेजारी पडलेले.

मला वाटलं, आता भांडण होणार. झालं असतं तर किती बरं झालं असतं. पण ती आप्पांच्याच गावची माणसं. थोडा वेळ सगळे आत बघत राहिले, मग तात्या म्हणाले, "शिरा झकास झालाय हां." बाकीचे म्हणाले, हो हो, वेलदोडा छान लागतोय. अण्णांनी आणखी थोडा मागून घेतला. आप्पांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "समदे आत हायेत बघा." जाताना प्रत्येकानं आप्पांचा हात हातात घेऊन सांगितलं, "निवडणुकीची काळजी करू नका." एकटे चाचा काही न बोलता गेले.

निवडणूक त्या वेळी बिनविरोध झाली नाही. आप्पांनी पहिल्यांदाच फॉर्म भरला आणि समोर बापू उभे राहिले. गुप्त मतदान झालं. सकाळी काकूनं ट्रंकेतनं जाकीट काढून दिलं आणि आप्पा ते घालून गेले. डांबरगोळ्यांचा वास त्यांच्या आधी सोसायटीत पोचला असेल. दुपारी परत आले तेव्हा बटणं उघडी होती. बापूंना सहा मतं पडली होती आणि आप्पांना एक. ते एक कुणाचं, हे सांगायला नको.

संध्याकाळी संचालक समाचाराला यायला लागले. तात्या आले, आप्पांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आप्पा, माझं मत तुमालाच होतं." आप्पांनी चहा सांगितला. मग अण्णा आले. "आप्पा, आपलं मत तुमालाच." मग उरलेले दोघे जोडीनं आले, आणि एकाच सुरात तेच म्हणाले. आप्पा प्रत्येकाला "मला ठाऊक हाय की" म्हणत होते आणि प्रत्येकासोबत चहा घेत होते. काकू आतनं कप पाठवत होती आणि मी आणून देत होते. एका मताचे एवढे धनी मी पहिल्यांदाच बघत होते. आप्पांचंच वाक्य, कॉम्प्युटर तुमच्याकडनंच घेतला, शब्द तेवढे बदलून घरी परत येत होतं. मला हसू फुटत होतं, आणि कप घेताना आप्पा माझ्याकडं बघत नव्हते म्हणून ते तोंडातच राहत होतं.

शेवटी चाचा आले. चपला काढल्या, बसले, आणि म्हणाले, "आप्पा, म्या तुमाला मत दिलं न्हाई."

 आप्पांचा हात छातीकडं निघाला आणि मध्येच थांबला.

"का न्हाई दिलं ते सांगतो," चाचा म्हणाले. "तुमी कवा कुणाला न्हाई म्हणत न्हाई. मग तुमच्या व्हयवर इश्वास कसा ठेवायचा? यासीनचं कार्ड तुमी पिशवीत घालून ठेवलं. उद्या आमचं दूधबी तसंच ठेवाल."

मला वाटलं, आता आप्पा म्हणणार, तुमचं बरुबर हाय. पण त्यांनी चहाचा कप चाचांच्या पुढं सरकवला. चाचांनी चहा घेतला, आप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते गेले. त्या दिवसात खरं बोलणारा तेवढा एकच माणूस आला होता, आणि आप्पांना नेमकं त्याचंच लागलं.

दिवेलागण झाल्यावर आप्पा माझ्या खोलीत आले. जाकीट अजून अंगात होतं. म्हणाले, "त्यो पत्त्यांचा डाव लाव गं. त्यात समोर कुणी नसतंय ना?"

"नसतं. एकट्यानं खेळायचा."

मी शिकवलं. आप्पा माऊस धरून हळूहळू पत्ते लावत बसले. थोड्या वेळानं डाव अडला. पत्ता हलायला जागाच राहिली नाही. मी म्हटलं, "संपला, सोडून द्या." मशीननंही तेच विचारलं, डाव सोडायचा का, आणि दोन बटणं दाखवली. एक यस, एक नो. आप्पांचा बाण सवयीनं यसवर गेला. तिथं बराच वेळ थांबला. मग त्यांनी तो सरकवत सरकवत नोवर नेला आणि दाबला. दाबल्यावर माझ्याकडं बघितलं, काही वाईट तर झालं नाही ना, असं.

"उद्या शिरूरला जातो," आप्पा म्हणाले. "बापूच्या पोराला त्याचा बोर्ड माघारी देतो. तोंडावर सांगतो, न्हाई पायजे."

"खरंच?"

"व्हय. मग दौंडला जाऊ. तुझं कार्ड बसवू."

 एवढे दिवस मी या माणसावर धुसफुसत होते आणि तो माझ्या खेळासाठी उद्या आयुष्यातलं पहिलं 'नाही' म्हणणार होता. मी यासीनकडनं शिकले होते तसा बोर्ड काढून पुठ्ठ्यात गुंडाळून दिला. दौंडला मावशीच्या घरी फोन करून मावसभावाला सांगून टाकलं, पुढच्या रविवारी ये, हरायची तयारी करून ये. सकाळी आप्पा पहिल्या एस.टी.नं गेले. जाताना स्टँडवर स्वतःशी पुटपुटत होते, "न्हाई पायजे, न्हाई पायजे," असं.

दुपारपासून मी फाट्यावर जाऊन थांबले. तिसऱ्या गाडीतनं आप्पा उतरले. एका काखेत माझा पुठ्ठ्यात गुंडाळलेला बोर्ड होता, तसाच, दोरीसुद्धा न सोडलेला. दुसऱ्या काखेत मोठं खोकं होतं.

"बापू सोता क्लासात बसले हुते," आप्पा म्हणाले. "हार-बिर घालून. आनंदाचा दिवस त्यांचा. असल्या टायमाला माणसाला न्हाई कसं म्हणायचं?"

"खोक्यात काय आहे?"

"प्रिंटर. पोरगं म्हणालं, कॉम्प्युटरला लागतोच."

मावसभाऊ रविवारी आला. पत्त्यांचा डाव बघून पोट धरधरून हसला, शिरा खाऊन गेला. पण त्याच्या आधी शनिवारीच आप्पा एक मजकूर घेऊन माझ्याकडं आले होते आणि म्हणाले होते, एवढा टाइप करून काढून दे, मोठ्या अक्षरात. बोर्ड मी परत बसवला होताच, टाइप केलं. दूध सोसायटीच्या चेअरमनपदी सर्वानुमते निवड झाल्याबद्दल बापूंचं हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून आप्पांचं नाव.

"सर्वानुमते कुठं झाली?" मी विचारलं. "तुमचं मत तुम्हालाच होतं ना?"

"आसू दे," आप्पा म्हणाले. "उगं कशाला येका मतासाठी."

वीस प्रती काढल्या. आप्पांनी त्या डेअरीपासून दोन्ही न्हाव्यांच्या दुकानांपर्यंत स्वतःच्या हातानं चिकटवल्या. प्रिंटर मात्र चांगला निघाला.